नवरदेवावर हळद लाल झाली

माझ्या मोठ्या मुलीच्या लग्नात उष्टी हळद लाल आली. पिवळी नाही, लाल. वाचून तुम्ही म्हणाल, बाई काहीतरीच सांगते. पण त्या दुपारी सुरतेतल्या लिंबायतच्या आमच्या गल्लीतल्या निम्म्या बायकांनी ती वाटी स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती, आणि उरलेल्या निम्म्या न पाहताच माझ्यापेक्षा रंगवून सांगत होत्या.

ज्यांच्याकडे ही रीत नाही त्यांच्यासाठी आधी सांगून टाकते. आमच्याकडे लग्नाच्या आदल्या दिवशी पहिली हळद नवरदेवाला लागते. मग त्याच्या अंगावरची थोडी निपटून वाटीत काढायची आणि नवरीच्या घरी न्यायची. ती उष्टी हळद. ती नवरीला लागली की त्याच्या अंगाचं हिच्या अंगाला लागलं, अर्धं लग्न झालंच म्हणायचं. वाटी येईपर्यंत नवरी पाटावर बसून राहते, बायका गाणी म्हणून म्हणून दमतात, आणि लहान पोरं दर पाच मिनिटांनी ‘आली, आली’ म्हणून खोटंच ओरडतात.

आता ही हळद होती आमचीच. म्हणजे ह्यांच्या आत्यानं, आमच्या आत्याबाईंनी, धुळ्याकडच्या आमच्या गावाहून हळकुंडं मागवून स्वतः कुटली होती. ह्यांची आई लवकर गेली, ह्यांना वाढवलं ते आत्याबाईंनी, म्हणून घरात शब्द त्यांचाच चाले. सुरतेत त्यांचं अर्धं आयुष्य गेलं, पण गुजराती सोडा, त्यांनी मराठीही आमच्यासारखी धरली नाही. अहिराणीच बोलायच्या, मग समोर भाजीवाला असो की डॉक्टर. मुलाकडचे दुकानातली दळलेली हळद वापरणार असं कळलं तेव्हा आत्याबाईंनी कपाळाला हात लावला. “दुकाननी हयद? व माय!” आणि आपल्या हळदीतला अर्धा डबा भरून भेस्तानला पाठवून दिला. मुलगा सुरतेतच, पण लांब भेस्तानला राहायचा. तिथंच कापड रंगवायच्या मिलमध्ये कामाला होता.

तर दुपारी, उन्हाचा कडाका, आणि रिक्षातून मुलाची बहीण उतरली. हातात वाटी, वाटीवर रुमाल. बायकांनी गाण्याचा आवाज चढवला. आत्याबाईंनी पुढे होऊन रुमाल उचलला आणि गाणं असं थांबलं, जसे लाइट गेल्यावर कारखान्यातले लूम थांबतात.

वाटीत गेरू कालवल्यासारखं काहीतरी होतं.

“हाई काय शे?” आत्याबाई म्हणाल्या.

“हळद,” ती पोर म्हणाली.

“हाई हयद नही शे.”

“आत्याबाई, तुमच्याच डब्यातली आहे. लावली तेव्हा पिवळी होती. मग... मग तशी झाली.”

“कुठे झाली?” मी विचारलं.

“दादाच्या अंगावर.”

झालं. एवढं एक वाक्य गल्लीला पुरलं. कोणी म्हणे मुलाकडचे मूळचे तापीपलीकडचे, त्यांच्यात लालच लावत असतील. कोणी म्हणे मुलाच्या अंगात उष्णता आहे. एकीनं तर बारीक आवाजात सांगितलं की ज्याचं आधी एक लग्न झालेलं असतं त्याच्या अंगावर हळद कुंकवाचा रंग धरते. हे तिला कोणी सांगितलं ते विचारलं तर म्हणे, आता ऐकलं. शेजारची गुजराती बेन तिच्या ओट्यावरून वाकून पाहत होती. ती म्हणाली, “सोडा वधारे पडे तो खमणमां पण लाल डाघ पडे.” सोडा जास्त झाला तर खमण ढोकळ्यातही लाल डाग पडतात, म्हणे. आम्हाला तिचा राग आला. इथं पोरीच्या लग्नाचं काय होतंय ते कळेना आणि हिला खमण सुचतंय!

मुलगी पाटावर बसलेली. तिनं मान उंच करून वाटीत पाहिलं आणि म्हणाली, “लावा ना. पाय दुखायला लागले.”

“तू चूप बठ व,” आत्याबाई म्हणाल्या. आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगून टाकलं की उलगडा होत नाही तोवर ही हळद पोरीला लागणार नाही. उष्टी हळद नाही, म्हणजे नवरीची हळद नाही. नवरीची हळद नाही, म्हणजे उद्याचं लग्न नाही.

आमच्या पोरीनं किती स्थळांना नाही म्हटलं होतं ते माझं मला माहीत. एकाचं हसणं आवडलं नाही, एकाची आई जास्त बोलते, एक फार गोड बोलतो. हा मुलगा पाहून गेला तेव्हा मात्र भांडी घासता घासता म्हणाली, “हा चालेल.” मी म्हटलं, काय आवडलं? तर म्हणे, “चालेल म्हटलं ना, आता काय लिहून देऊ?” पण त्या दिवशी तिनं घासलेलीच ताटं पुन्हा घासली. आणि आता मांडवात आचाऱ्याची भट्टी पेटलेली, गावाकडचे पाहुणे गच्चीवर झोपलेले, आणि हळदीच्या पाटावरून उठवलेल्या मुलीला पुढे लोक काय काय चिकटवतात ते मी पाहिलेलं होतं. मुलाकडचं कोणी विचारत नाही. पोरीचंच नाव होतं.

हे बाहेरून आले. “मी जाऊ का भेस्तानला?”

“तुम्ही आचाऱ्याकडं बघा,” मी म्हटलं. “हे बायकांचं आहे.”

मी, आत्याबाई आणि मुलाची बहीण, अशा आम्ही तिघी त्याच रिक्षात बसलो. आत्याबाईंनी उरलेल्या हळदीचा डबा मांडीवर घेतला. लाल वाटी बरोबर न्यायला मात्र त्या तयार होईनात, ती देव्हाऱ्यासमोर झाकून ठेवली. वाटेत रिक्षावाला मधूनमधून आरशात बघे. हळदीच्या दिवशी अशी तोंडं करून वऱ्हाड कुठं निघालंय, हे त्याला कळत नसावं.

भेस्तानला पोचलो तर तिथं आमच्यापेक्षा मोठं सुतक. नवरदेव पाटावर बसलेला, बनियनवर. आणि काय सांगू तुम्हाला, तो मुलगा नकाशासारखा दिसत होता. कपाळ पिवळं, गाल पिवळे, छाती पिवळी, आणि कोपरापासून बोटांपर्यंत दोन्ही हात लालबुंद. मानेभोवती लाल पट्टा. पाय घोट्यापर्यंत लाल, वर पिवळे. जणू कोणी त्याला तुकड्यातुकड्यानं लग्नाला तयार केलं होतं. उष्टी हळद नेमकी हातांवरची निपटली होती.

विहीणबाई आम्हाला बघून उठल्या. “या. बघा, काय पाठवलंत ते.”

“आमी?” आत्याबाई.

“हळद तुमची. आमची दुकानातली चांगली होती. तुमचाच आग्रह.”

आत्याबाईंच्या हळदीला नाव ठेवलं. हे फार वाईट झालं. लग्न मोडायच्या भीतीपेक्षा हे मोठं झालं. त्यांनी तिथंच बसकण मारली, डबा उघडला, वाटीत पाणी घालून हळद कालवली, आणि पहिल्यांदा स्वतःच्या हातावर फासली. पिवळी. माझ्या हातावर फासली. पिवळी. मुलाच्या बहिणीच्या, मग कोपऱ्यात बसलेल्या एका काकूंच्या, मग त्यांच्या मांडीवरच्या बाळाच्या. सगळे पिवळे. विहीणबाई हात मागे घेत होत्या, तर आत्याबाईंनी त्यांच्या गालालाच लावली. पिवळी. रिक्षावाला प्यायला पाणी मागायला दारात आला होता. त्याचा हात धरला.

“अरे मौसी, मैं तो पानी पीने आया था!”

“चूप बठ!” आत्याबाईंनी त्याच्याही मनगटाला फासली. पिवळी. तो बिचारा तसाच उभा राहिला, हातात पेला, मनगटाला हळद, आणि आता आपण वऱ्हाडात मोजले गेलो की काय अशा चेहऱ्यानं.

मग आत्याबाई नवरदेवाकडे वळल्या. त्यांनी बोटभर हळद घेतली आणि त्याच्या पंजावर ओढली. आमच्या डोळ्यांदेखत ती पिवळी रेघ लाल झाली.

“हयद चांगली शे,” आत्याबाई म्हणाल्या. “पोऱ्या...” आणि बोट पदराला पुसलं.

विहीणबाईंनी तोंडाला पदर लावला. खरं सांगते, तेव्हा मला त्यांची दया आली. गालाला हळदीची बोटं उमटलेली आणि डोळ्यांत पाणी. “माझ्या पोराला काही नाही हो,” म्हणाल्या. “सकाळी चांगला भाकरी खाऊन अंघोळीला गेला.”

मुलगा काही बोलत नव्हता. नवरदेवानं जास्त बोलायचं नसतं म्हणून की घाबरला होता म्हणून, देव जाणे. नुसता हात खाजवत होता. ते पाहून आत्याबाईंचा चेहरा बदलला. त्यांना कारण सापडलं होतं.

“नजर लागनी पोरले!” त्या म्हणाल्या. “लिंबू लई या!”

आता सगळ्यांनाच हायसं वाटलं. नजर म्हणजे ओळखीची गोष्ट. आजार नाही, आधीची बायको नाही, कोणाच्या हळदीचा दोष नाही. नजर काय, कोणाचीही लागते. सरबतासाठी आणलेल्या पिशवीतून लिंबू आलं. आत्याबाईंनी ते मुलावरून उतरवलं, पुटपुटल्या, आणि विळीवर कापून दोन्ही फोडी त्याच्या दोन्ही हातांवर पिळल्या.

आणि बघा, मी तिथं होते, मी ऐकलं. मुलगा सुर्र करून वाजला.

हो, वाजला. सोड्याची बाटली उघडावी तसा बारीक आवाज त्याच्या कोपराच्या घडीतून आला आणि तिथं फेस दिसला. त्याच वेळी तो “आई गं!” म्हणून पाटावरून हातभर उडाला, आणि जिथं जिथं लिंबाचा ओघळ गेला तिथं तिथं लालातून पिवळी वाट निघाली.

“निंघी राहिनी! नजर निंघी राहिनी!” आत्याबाई ओरडल्या. “आयका, आयका!”

सगळे कान देऊन ऐकायला लागले. कोपऱ्यातल्या काकू बाळासकट पुढं सरकल्या. रिक्षावाला पेला ठेवून आत आला. विहीणबाईंनी तर सरळ मुलाच्या कोपराला कान लावला. “हो हो, निघते आहे,” म्हणाल्या, “अजून आहे थोडी.”

आता मी इतकी वर्षं स्वयंपाकघरात काढलेली, दही लावलेलं, पापड लाटलेले, ढोकळ्याच्या पिठात सोडा टाकून वर लिंबू पिळलं की पीठ कसं फसफसतं ते शंभरदा पाहिलेलं. तो आवाज माझ्या ओळखीचा होता. नजर ढोकळ्यासारखी निघत नाही. मी मुलाच्या हाताकडे नीट पाहिलं. नखांच्या कडांना निळं होतं. गडद, शाईसारखं.

“जावईबापू,” मी म्हटलं, “अंघोळ कशानं केली?”

तो खाली बघून म्हणाला, “सोड्यानं.”

“कसला सोडा?”

“मिलमधला. आमचे हात रंगतात ना. साबणानं निघत नाही. काल मित्र म्हणाले, निळ्या हातानं हार घालशील का. मग सोडा चोळून ठेवला. हातांना, पायांना. कॉलरचा डाग होता, मानेलाही.”

“आणि धुतला नाही?”

“नळ गेला होता. पाहुण्यांनी पाणी संपवलं. एक तांब्या मिळाला.”

तेव्हा माझ्या डोक्यात लख्ख पडलं. ह्यांच्या सदऱ्यावर आमटी सांडली आणि मी साबण लावला की पिवळा डाग लाल होतो. दर वेळी होतो. आम्हा बायकांपैकी कोणी हे पाहिलं नाही असं नव्हतं. शेजारच्या बेनचं खमणही तेच सांगत होतं. पण आमटीची हळद ही आमटीची आणि लग्नाची हळद ही देवाची, दोन्हींचा स्वभाव एकच असेल असं कोणाच्या मनात आलं नाही. माझ्याही नाही.

मी चौथीपर्यंत शिकले. पुढचं जे काही आलं ते पोरांची पुस्तकं चुलीजवळ वाचून आलं. धाकट्याच्या विज्ञानाच्या पुस्तकात मला नंतर तो धडा सापडला. आंबट ते आम्ल. सोडा, चुना, साबण हे आम्लारी, म्हणजे आम्लाचे शत्रू. आणि हळद ही दर्शक, आम्लारी भेटला की लाल होते, आम्ल भेटलं की परत पिवळी. आम्ल आणि सोडा एकमेकांना भेटले की दोघंही आपला जोर सोडतात, मागं राहतं पाणी आणि एक प्रकारचं मीठ, आणि बुडबुडे करत बाहेर पडतो तो कार्बन डायऑक्साइड. म्हणजे विहीणबाई कोपराला कान लावून ऐकत होत्या तो कार्बन डायऑक्साइड होता. धड्यात लिटमसचा कागद लाल-निळा करून दाखवलाय. आमच्याकडे अख्खा जावई लाल-पिवळा करून दाखवला होता, पण तो धड्यात नाही.

पण हे नंतरचं. त्या वेळी मी उठून एवढंच म्हटलं, “आत्याबाई, ही नजर नाही. हा सोडा आहे. कपड्याला साबण लावल्यावर डाग लाल होतो ना, तसं.”

विहीणबाई कोपरावरून ताडकन उठल्या. “म्हणजे माझा मुलगा तुम्हाला डाग वाटतो?”

“तसं नाही हो...”

“कपडा आहे का तो?”

“नाही, पण सोडा...”

“बाई,” आत्याबाई मला म्हणाल्या, आणि त्यांनी मला बाई म्हटलं की मी गप्प बसते, “सोडानी नजर लागत नही का?”

सोड्याची नजर. तिथंच तह झाला. विहीणबाईंना मुलगा निर्दोष मिळाला, आत्याबाईंची हळद निर्दोष राहिली, आणि मला वाटलं, कोणत्या का नावानं होईना, लिंबू पिळतायत ना. मी पिशवीच पुढं ओढली. मग आम्ही सगळ्यांनी मिळून त्या मुलाला लिंबू चोळलं. तो “झोंबतंय, झोंबतंय” म्हणत होता, आणि का झोंबणार नाही, सोड्यानं कातडी सोललेली. आत्याबाई म्हणे जितकं झोंबेल तितकं निघतंय. मी मधूनच शेजाऱ्यांकडून बादली आणवली आणि त्याच्यावर भरपूर पाणी ओतलं, सोड्याला खरं औषध तेच. तेव्हा कुठं तो शांत झाला. वर खोबरेल लावलं. मग पुन्हा हळद. पिवळी, पिवळी, पायाच्या अंगठ्यापर्यंत पिवळी. घरात लिंबाच्या लोणच्यासारखा वास सुटलेला.

नवी उष्टी हळद वाटीत निपटली. रिक्षावाला म्हणाला, “चलो, मैं ले चलता हूँ,” आणि रिक्षा अशी हाकली की वाटेतल्या चौकांच्या गर्दीतही त्याला कोणी अडवलं नसतं. आत्याबाई वाटी छातीशी धरून बसल्या होत्या. “पोर रडी राहिनी व्हई,” म्हणाल्या. मलाही तेच वाटत होतं. इतका वेळ पाटावर, एकटी, बायकांची कुजबुज ऐकत.

गल्लीत शिरलो तर गाण्याचा आवाज. मला वाटलं दुसऱ्याच घरी. पण आमच्याच मांडवात. मुली फेर धरून नाचत होत्या आणि मधे पाटावर आमची पोर. गालाला लाल, कपाळाला लाल, हातांना कोपरापर्यंत लाल. देव्हाऱ्यासमोरची वाटी तिच्या पायाशी, रिकामी.

आत्याबाईंनी हातातली वाटी पाटाशी ठेवली. “कोनी लावी?”

गाणं थांबलं, बायका एकमेकींकडे बघायला लागल्या. मुलगी म्हणाली, “मीच. ह्या कोणी लावेनात.”

“आम्हाला येऊ द्यायचं ना,” मी म्हटलं. “तिकडं काही वाईट निघालं असतं तर?”

“काय निघणार होतं?” तिनं मला विचारलं. “त्याच्या अंगाची होती ना? मग माझीच झाली. लाल का काळी ते मी बघीन.”

आम्ही भेस्तानपर्यंत जाऊन ज्याचा उलगडा करत होतो, ते तिनं इथं बसल्या बसल्या संपवून टाकलं होतं. आत्याबाई तिच्याकडे बघत उभ्या होत्या. मग त्यांनी पदराच्या गाठीतून एक लिंबू काढलं, येताना उचललेलं.

“आजी, ते नाही हं,” पोरगी हात मागे घेत म्हणाली. “मला काही नजर-बिजर लागली नाहीये. राहू द्या.”

आत्याबाईंनी लिंबू परत गाठीत बांधलं. बसल्या. पिवळ्या वाटीत बोट बुडवून तिच्या लाल गालावर एक रेघ ओढली. रेघ कडेला जराशी तांबूस झाली आणि मधे पिवळीच राहिली. आत्याबाईंनी ती नीट पाहिली आणि बायकांवर खेकसल्या, “गाना काबं बंद करात?”

दुसऱ्या दिवशी अंतरपाट खाली आला तेव्हा इकडे नवरी तांबडी आणि तिकडे नवरदेव पिवळा. रात्रीतून दोन अंघोळी झाल्या तरी पुरतं कोणाचं गेलं नव्हतं. हार घालताना त्यांनी एकमेकांचे हात पाहिले आणि दोघंही हसायला लागली, भटजी थांबले. त्या सकाळीच गावाहून आलेल्या एक पाहुण्या बाई आत्याबाईंच्या कानाशी लागून म्हणाल्या, “नवरी लाल कशी हो?”

“आमनाकडे अशीच राहस,” आत्याबाई म्हणाल्या.

पलीकडे विहीणबाई उभ्या होत्या. “आमच्याकडेही,” त्या म्हणाल्या, आणि अक्षता टाकल्या.